जेलच्या भिंतीकडची विहीर

काविळीतून उठलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. आता जेवण जातं का, आणि कशानं झाली होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आनंदाने देतो. दुसरं देताना अजूनही आवाज खाली येतो, कारण माझी कावीळ मीच घरी आणली होती. रोज सकाळी, स्कूटरवर, कॅन भरभरून. एकट्यासाठी आणली असती तर हे लिहायला बसलो नसतो.

आज ज्यांच्या घरात कुणी पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणावर पडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांचं मला काही कळत नाही. जे भोगलं आणि जे भोगायला लावलं, तेवढंच सांगतो.

मी पारोळ्याकडचा. बँकेच्या नोकरीत सुरतेला आलो आणि उधन्याच्या पलीकडे एका नव्या सोसायटीत घर घेतलं. घर चांगलं होतं, पाणी वाईट. बोअरचं पाणी इतकं खारं की चहा नासायचा, साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा न् दाणा वेगळा राहायचा. बट्टी कितीही चांगली भाजा, वरण घोटून एकजीव झालं नाही तर आम्हा खानदेशी माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही.

आमच्या गावी नवी विहीर लागली की आधी त्या पाण्यात मूठभर डाळ शिजवून बघत. मऊ शिजली की पाणी गोड. गोड म्हणजे चांगलं, चांगलं म्हणजे पोटाला बाधणार नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

सोसायटीच्या पुढे ऊस सुरू होई. त्या उसाच्या मधोमध एक जुना जेल होता. त्याच्या मागच्या भिंतीला लागून ठाकोरभाईंचं शेत आणि शेतात विहीर. ठाकोरभाई आमच्या बँकेचे खातेदार. एकदा त्यांच्या ओट्यावर चहा प्यायलो आणि कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"कूवानुं. लई जाओ ने, पाटीलभाई. पाणीनी ते कोई ना पाडे?"

पाण्याला कुणी नाही म्हणतं का, म्हणत त्यांनी विहिरीचं पाणी भरून दिलं. घरी नेलं. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, डाळ लावली. लोण्यासारखी शिजली. त्या दिवशी शेजारच्या चौधरींकडे वाटीभर वरण गेलं, आणि दुसऱ्या दिवशी चौधरींचा कॅन माझ्या दारात आला. मग आणखी दोन घरांचे आले. वरच्या मजल्यावरच्या काकू मला "पाणीवाले पाटील" म्हणू लागल्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, खूप आवडायचं.

त्याच सुमारास आमची मुलगी संध्या पहिल्या बाळंतपणाला यायची होती. प्लेगला वर्षच उलटलं होतं. सुरतेचं नाव काढलं की लोक अजून नाकाला रुमाल लावत. धुळ्याहून विहीणबाईंनी बँकेत फोन करून स्पष्टच विचारलं, "व्याही, तिकडची हवा, तिकडचं पाणी... पाठवू का?"

मी म्हणालो, "विहीणबाई, पाण्याचं मला सांगू नका. आमच्याकडे डाळ एका शिट्टीत शिजते."

कमळो

संध्या आली तेव्हा सातवा महिना सरत आला होता. ती आल्यावर थोड्याच दिवसांत मला फोडणीच्या वासाने मळमळू लागलं. अंगात कणकण, चढावर स्कूटर ढकलावी तसं स्वतःलाच ढकलत बँकेत जायचो. एक दिवस शेजारच्या काउंटरवरचा मित्र माझ्याकडे वाकून बघत म्हणाला, "पाटील, आंख्यो तो जो तारी!" बँकेच्या बाथरूममधल्या आरशात पाहिलं. डोळ्यांत हळद कालवल्यासारखी दिसत होती.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पापणी खाली ओढली आणि सहज, सर्दी झाल्यासारखं सांगितलं, "कमळो थयो छे." कावीळ झाली आहे. उलट्या थांबत नव्हत्या म्हणून दाखल करून घेतलं. मग विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मी ताठ झालो. आजारी माणसात तेवढी ताठी कुठून येते कोण जाणे. म्हणालो, "पाणी आमचं चांगलं आहे, मॅडम. विहिरीचं गोड पाणी. हे त्या बँकेसमोरच्या हातगाडीवरच्या चटणीने झालं असणार."

त्यांनी मान हलवली आणि लिहिता लिहिता शेवटचा प्रश्न विचारला. "घरमां कोई प्रेग्नन्ट छे?"

"मुलगी आहे. आठवा लागेल आता."

त्यांचं पेन थांबलं. एवढ्या वर्षांनी लिहितानाही ते थांबलेलं पेन मला दिसतं. त्या म्हणाल्या की ही कावीळ तुम्हाला महिनाभर पाडून ठेवेल आणि सोडून देईल. पण पोटुशी बाईला झाली तर आम्हाला फार भीती वाटते, आईचीही आणि बाळाचीही. तिला तुमच्या ताटवाटीपासून लांब ठेवा, आणि बाहेरचं काही देऊ नका.

बाहेरचं तर आम्ही देतच नव्हतो. माझी तेवढ्यावर समजूत पटली. कच्च्या पाण्याचाही त्यांनी उल्लेख केला असेल, पण मी हातगाडीवाल्याला दोष देऊन मोकळा झालो होतो. मोकळं झालेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही.

शेजारची खाट

वॉर्डातला दिवस सकाळी झाडूच्या आवाजाने सुरू होई. मग थर्मामीटर, मग सलाईनची बाटली, मग पातळ खिचडी. भेटीच्या वेळेत चौधरी आले. त्यांनी कुठून तरी काविळीची माळ आणली होती. ती डोक्यावर ठेवायची, ती आपोआप वाढत गळ्यात उतरते आणि कावीळही उतरते, असं म्हणतात. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा मी नवरदेवासारखा माळ घालून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "सलाईन काढत नाही हं त्यासाठी," आणि पुढे गेल्या. आजारात हसायला आलेला तो पहिला प्रसंग.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक पन्नाशीचा माणूस आणला. त्याचा एक हात खाटेला बेडीने बांधलेला आणि पायाशी स्टुलावर पोलीस. मी तोंड फिरवलं. त्याने मात्र माझ्याकडे बघून दात काढले.

"काय भाऊ, तुम्ही बी पिवया व्हयी गयात का?"

सुरतेच्या सरकारी वॉर्डात अहिराणी ऐकली आणि माझं तोंड आपसूक परत वळलं. "तुम्ही कोठला शेतस?"

"अमळनेरकडला. आते जेलना." त्याचं नाव सुकदेव. काय केलं म्हणून आत गेला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याला दवाखाना फार आवडला होता. "आठे पंखा शे, गादी शे. मी तं डॉक्टरले सांगस, आखो आठ दिन मले पिवयाच राहू द्या."

पोलीसदादा गुजराती, पण इतकं त्यालाही कळलं. "साला, मारी पण आठ दिवसनी ड्यूटी बगाडशे!" तो म्हणाला, आणि बेडीची किल्ली खिशात चाचपून पुन्हा डुलकी घेऊ लागला.

सुकदेव सांगू लागला की जेलमध्ये कावीळ झालेला तो एकटा नाही, बराकीत बरेच जण पिवळे झाले आहेत. "मानसे वाढी गयात, खड्डा तितलाच शेतस. भरी गयात का भिंतना जोडे नवा खंदतस. वास असा येस का जेवन जात नई." संडासाचे शोषखड्डे. मागच्या भिंतीला लागून.

"मागची भिंत म्हणजे उसाकडची?" मी विचारलं.

"तीच. भिंतना बाहेर विहीर शे ना. सकायमा मोटर चालस, मंग एक स्कूटर जास. आम्हनं घड्याय तेच."

मी सलाईनचा हात सांभाळत त्याच्याकडे वळलो. मग म्हणालो, "स्कूटर माझीच आहे."

तो एवढ्या मोठ्याने हसला की पोलीस दचकून उठला. "म्हंजे आम्हनंच पानी तुम्ही बाहेरथीन प्यानात!"

त्याचं हसणं खोटं नव्हतं, दुष्टही नव्हतं. पण तो हसत असताना माझ्या डोळ्यांपुढे घरातला पितळी हंडा होता आणि हंड्यापाशी ग्लास घेऊन उभी राहिलेली संध्या.

एक संध्याकाळ

आता जे लिहितो ते सगळ्यात कठीण आहे. त्या संध्याकाळी मंदा मऊ भाताचा डबा घेऊन आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही.

का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. मनाला समजावलं, कैद्याच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा. समजावलं, मी इथे पडलोय म्हटल्यावर पाणी येतंय कुठे घरी, आपोआप बंदच झालं असणार. खरं कारण एवढंच की विहीणबाईंना मी जे बोललो होतो ते मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मंदा आली आणि माझं मन हलकं करायला म्हणाली, "पाण्याची काळजी करू नका. चौधरी जाताहेत रोज ठाकोरभाईंकडे. आपले दोन्ही कॅन भरून आणतात. म्हणतात, पाटलांनी एवढं केलं आमच्यासाठी, आम्ही एवढंही करू नये?"

मी उठून बसलो. म्हणालो, "ते पाणी ओतून दे. आत्ता घरी जा आणि हंडा ओतून दे. चौधरींना सांग, सगळ्यांना सांग." आणि सुकदेवचं सगळं बोलणं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल मी आले तेव्हा?"

मी मान हलवली. मंदा आमच्या लग्नापासून माझ्यावर कधी ओरडली नव्हती आणि तेव्हाही ओरडली नाही. डबा पिशवीत ठेवत म्हणाली, "तुमची अब्रू रात्रभर झाकून ठेवलीत. तेवढ्या वेळात पोरगी किती ग्लास पाणी प्यायली ते मी घरी जाऊन विचारते." आणि भात न वाढताच निघून गेली.

सुकदेव खाटेवरून सगळं बघत होता. त्याने आपल्या वाटणीचं केळं माझ्या उशाशी ठेवलं. एका हाताने सोलता येत नाही म्हणून सोलून मागण्यासाठी ठेवलं असेल असं मला आधी वाटलं. तो म्हणाला, "खा भाऊ."

विहीणबाई आल्या

मंदाने घरी जाऊन आधी हंडा ओतला, मग पाणी घेणारी तिन्ही घरं फिरली, आणि मग मला न विचारता एसटीडी बूथवरून धुळ्याला फोन केला. मी त्यांना कळवू नकोस म्हणालो असतो, हे तिला ठाऊक होतं.

विहीणबाई दुसऱ्याच दिवशी एसटीने आल्या आणि सामान घरी टाकून थेट वॉर्डात. मी उठून बसलो, हात जोडले. त्या म्हणाल्या, "पडून राहा. मी तुम्हाला बोलायला आलेले नाही, पाणी उकळायला आले आहे."

एवढंच. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एका गोष्टीची किंमत मला तेव्हा कळली. संध्याला आल्यापासून पोटात वात धरायचा, म्हणून मंदा तिला ओवा घालून उकळलेलं पाणी द्यायची. मी त्यावर कुरकुर करायचो, एवढ्या गोड पाण्याचा काढा कशाला करता म्हणायचो. पण संध्या सगळं पाणी उकळलेलंच प्यायली असं नाही. जेवताना, दुपारी झोपेतून उठून, तिने हंड्यातलंही घेतलं होतं. कावीळ अंगात शिरली तरी दिसायला काही आठवडे जातात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर वाट बघायची. दुसरा उपाय नव्हता.

मी घरी आलो आणि आमचा दिनक्रम ठरला. सकाळी ऊन खिडकीत आलं की मंदा आणि विहीणबाई संध्याला उजेडात उभं करत आणि तिच्या पापण्या खाली ओढून डोळे बघत. एक म्हणे पांढरे आहेत, दुसरी म्हणे जरा थांबा, ढग आला आहे. मी माझ्या वेगळ्या खोलीच्या दारातून, वेगळ्या ताटावरून बघत असे. एकदा संध्या वैतागली. "अहो, डोळे आहेत ते, आंबे नाहीत! रोज काय पिकले का म्हणून बघता?"

दोघी हसल्या. मलाही हसू आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही असे चोरासारखे दारात नका ना उभे राहू. तुमचेच अजून पिवळे आहेत."

ऊस

काविळीला उसाचा रस चांगला, हे आमच्याकडे जसं मानतात तसंच सुरतेकडेही. ठाकोरभाई एक दिवस खांद्यावर उसाची मोळी घेऊन आले. "आ जेलबाजूनी शेरडी. सौथी मीठी," ते कौतुकाने म्हणाले. भिंतीकडचा ऊस त्यांच्या शेतात सगळ्यात उंच, सगळ्यात जाड वाढायचा. त्यामागचं कारण आता मला कळलं होतं, त्यांना नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. ज्या माणसाने मला कधी पाण्याला ना म्हटलं नाही त्याला तुझी विहीर नासली आहे असं सांगणं सोपं नव्हतं. ते उसाच्या मोळीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरनां बधां ए ज पाणी पीए छे." त्यांच्या घरातले सगळे तेच पाणी पीत होते.

त्यांनी पिण्यासाठी ती विहीर बंद केली. मग आम्ही दोघांनी मिळून कलेक्टर कचेरीत अर्ज केला, पाणी तपासायला लावलं. जे निघालं ते अपेक्षेप्रमाणेच होतं. अर्जात ठाकोरभाईंनी शेताचं लिहिलं होतं. मी खाली एक ओळ घातली की आतल्या माणसांनाही जमिनीतलं हेच पाणी प्यावं लागतं आणि त्यांना दुसरी विहीर शोधायची सोय नाही. सुकदेव मी घरी यायच्या आधीच परत आत गेला होता. जाताना म्हणाला होता, "सकायमा स्कूटर नई वाजनी तं समजसू, भाऊ हुशार व्हयना."

खड्डे भिंतीपासून हलवायला आणि आत नळाचं पाणी यायला पुष्कळ हेलपाटे पडले. पण झालं. बघायला मी स्वतः गेलो होतो. ज्यांच्या गावाबाहेर असं काही आहे त्यांना एवढंच सांगेन, की शेजारी भिंत असली तरी जमिनीखाली ती फार खोल जात नाही.

पांढरे डोळे

चौधरींच्या बायकोला कावीळ झाली. मी पथ्याचं जेवण घेऊन रोज त्यांच्या दारात जात असे. चौधरी एकदा म्हणाले, "पाटील, आता काय डबेवाले झालात?" तेवढा एक टोमणा. त्या बऱ्या झाल्या.

संध्याचे डोळे पांढरेच राहिले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, आता भीती नको. त्या दिवशी विहीणबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग तीच साखर माझ्या हातावर दिली. पहिल्यांदाच त्या माझ्या खोलीत आल्या होत्या. पुढे दिवस भरल्यावर संध्याला मुलगी झाली, सुखरूप, आवाजाला खणखणीत. नात पहिल्यांदा मांडीवर घेताना मी आधी तिचे डोळे पाहिले. सगळे आजोबा नाक कुणाचं ते बघतात.

माझी भूक परत आली, वजन परत आलं. पण झोपताना मनात हिशेब चाले. उकळलेल्या पाण्याने वाचवलं, नशिबाने वाचवलं, माझ्या हातून वाचवण्याजोगं काहीच झालं नाही. विहीणबाई धुळ्याला परत निघाल्या तेव्हा मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं." हे शब्द माणूस विसरला तरी म्हणतो, आणि विसरला नसला तरी म्हणतो. मी विचारलं नाही.

आजारातून उठणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. शरीराचं डॉक्टर सांगतात, आता तुम्ही बरे. मनाला ते दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकावं लागतं, आणि ते मागून मिळत नाही.

नात दोन वर्षांची झाली तेव्हा संध्याला पुन्हा दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. त्यामुळे यंदा आपण फक्त भेटायला जायचं असं आम्ही धरून चाललो होतो. तोवर आमच्या घरी टेलिफोन बसला होता. एका रविवारी विहीणबाईंचा फोन.

"व्याही, पद्धतीप्रमाणे दुसरं आमच्याकडे. पण संध्या सुरतेला जाते म्हणते, आणि मलाही वाटतं तिने तिकडेच जावं. पाठवू ना?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून त्या म्हणाल्या, "अहो, ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो. "पाठवा."

फोन ठेवला. मंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "विहीणबाईंचा होता ना? काय म्हणाल्या?"

"संध्याला पाठवताहेत."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग रडताय काय? उठा, तिची खोली आवरायला घ्या."